अमकीच्या जागी

ताई, तुमचा फोन माझ्याकडे आहे. जलदानविधी उरकल्यावर भावकीतल्या बायका तुमच्या साड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. कोणी कपाट पुसत होतं, कोणी चहाचे कप गोळा करत होतं. मी तुमच्या उशीखाली हात घातला, फोन काढला आणि सरळ पर्समध्ये टाकला. कोणाला विचारलं नाही. तुमच्या वस्तूंमधली मला तेवढी एकच हवी होती.

त्या फोनला तुम्ही गेल्याचं अजून कळलेलं नाही. रोज सकाळी चालू केला की तो तुमच्यासाठी गाणी काढून ठेवतो. परवा एक मुलगा होता, कुठल्याशा डोंगराळ गावातला, गिटार घेऊन पायरीवर बसलेला, मागे कोंबड्या फिरतायत. बावीस जणांनी ऐकलेलं. तुम्ही असतात तर साडेसातला मला लिंक आली असती आणि खाली तुमचं नेहमीचं, "ऐक. शेवटपर्यंत." मी ऐकलं, शेवटपर्यंत. मग फोन ओट्यावर ठेवला आणि लक्षात आलं की कोंबडीने नेमक्या ठिकाणी सूर लावला, हे आता कोणाला सांगायचं ते मला माहीत नाही.

आज सव्वीस दिवस झाले. लेक पुण्याहून रोज फोन करते, "आई, जेवलीस का?" विचारते. मी जेवले म्हणते. शाळेच्या ऑफिसात दिवस निघून जातो, दाखले, हजेरीपट, पालकांची भांडणं. संध्याकाळी खरवईला घरी आलं की मात्र फ्रिज कधी चालू झाला आणि कधी बंद झाला, तेसुद्धा ऐकू येतं. तुमचा भाऊ गेला तेव्हाही हे घर असंच झालं होतं. फरक एवढाच, की तेव्हा तुम्ही होतात.

खरं सांगायचं तर नणंद-भावजय म्हणून आपलं काही फार गूळपीठ नव्हतं. तुम्ही मला "शाळावाली" म्हणायचात, तेही मी समोर असताना. मी तुम्हाला मनातल्या मनात बरंच काही म्हणायचे. तुमचा भाऊ गेला त्या दिवशी तुम्ही कोपऱ्यात भिंतीला टेकून बसून राहिलात. सख्खा भाऊ गेलाय आणि ही बाई डोळ्यांतून टिपूस काढत नाही, असं मला वाटलं. मग महिन्याभराने एका सकाळी तुमच्याकडून लिंक आली. त्याआधी तुम्ही मला फक्त मिस्ड कॉल द्यायचात. कुठल्यातरी परक्या भाषेत गाणारी एक बाई होती, खोलीत एकटीच. मध्येच बाळ रडायला लागलं. तिने गाणं थांबवलं, बाळाला उचलून खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा उचललं. अठरा जणांनी ऐकलेलं. तुमचा भाऊ गेल्यावर मला पहिलं रडू आलं ते त्या अनोळखी बाईच्या बाळामुळे. मी तुम्हाला फोन केला आणि नुसती रडत राहिले. तुम्ही म्हणालात, "शेवटपर्यंत ऐकलंस ना? मग झालं."

तिथून सुरू झालं. सहा वर्षं.

तुम्ही ही माणसं शोधायचात कशी, ते मला वर्षभराने कळलं. मी विचारत राहायचे, तुम्ही हसून टाळायचात. मग एका रविवारी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या तुमच्या खोलीत, समोर कारखान्यातून आणलेल्या जीन्सचा ढीग, तुम्ही कटरने धागे कापताय आणि मध्येच फोनमधल्या शोधायच्या माईकवर बोट धरून म्हणताय, "चुकलं असेल तर माफ करा." मला वाटलं मलाच म्हणताय. मी आपली म्हणाले, "असू दे हो ताई." किती हसलात तुम्ही! मग समजावलंत. पहिल्यांदा गाणं टाकणारा माणूस खाली माफी मागतो. आवाज नीट नाही आला तर समजून घ्या. पहली बार गा रहा हूँ. पेटी जुनी आहे. तुम्ही गाणी शोधतच नव्हतात, माफ्या शोधत होतात. "आधी माफी मागून गातो ना, तो खरा गातो," तुम्ही म्हणालात, "बाकीचे दुकान मांडतात." त्या एका युक्तीवर तुम्ही कुठले कुठले गळे हुडकून काढलेत. रात्रपाळी करून गाडीत बसून स्वतःची गाणी म्हणणारा वॉचमन. ताटलीवर ठेका धरणाऱ्या दोघी बहिणी. वॉशिंग मशीनच्या आवाजावर ताल धरून इंग्रजी-मराठी काहीतरी गाणारी ती केस कापलेली मुलगी. तिचं तर तुम्हाला एक अक्षर कळत नव्हतं आणि तरी तुम्ही तिच्यासाठी तीन आठवडे वेड्या झाला होतात.

आणि तुमचे नियम. बाई गं, शाळेतसुद्धा एवढे नसतात. गाणं शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये सोडायचं नाही. डाउनलोड करायचं नाही, कारण मग आपण ऐकल्याचं त्या माणसाला कळणार कसं? एका माणसाने दोन फोनवरून लावायचं नाही, ती लबाडी. आणि ऐकणारे हजार झाले की आपलं काम संपलं. "उजवली," तुम्ही म्हणायचात, लेकीचं लग्न लावून दिल्यासारखं. मग कोपऱ्यावरच्या गाडीवरून दाल पकवान यायचं, आणि शेजारच्या भाभीला आज काय विशेष ते काही केल्या कळायचं नाही. "मी राहिले," पकवान मोडता मोडता तुम्ही म्हणायचात, "निदान गाणी तरी उजवते." हे तुम्ही इतक्या मजेत म्हणायचात, की त्यातलं दुखणं मला फार उशिरा ऐकू आलं.

सगळ्यात कडक नियम म्हणजे खाली काही लिहायचं नाही. वाहवा नाही, जोडलेले हात नाहीत, एक अंगठा नाही, काहीच नाही. "ऐकणाऱ्याने तोंड दाखवू नये." आपलं सगळ्यात मोठं भांडण यावरूनच. मी म्हणायचे, अहो, त्या माणसाने घरात बसून जीव ओतून गायलंय, त्याला दोन शब्द लिहिले तर काय तुमचे धागे तुटणार आहेत? तुम्ही म्हणायचात, नाही. का, ते सांगायचा नाहीत. मी मग सात-आठ दिवस रागाने लिंकच पाठवायचे नाही आणि तुमची मात्र साडेसातला न चुकता यायची.

कारण तुम्ही एकदाच सांगितलंत, तेही माझ्याकडे न बघता. पंधरा-सोळा वर्षांच्या असताना तुम्ही वस्तीतल्या गायन पार्टीत कोरसला होतात. एका जयंतीला मुख्य बाईंचा घसा बसला आणि तुम्हाला पुढे उभं केलं. तुम्ही गायलात. दुसऱ्या दिवशी पार्टीचे मास्तर घरी आले, मामंजींसमोर बसून तुमचं तोंडभर कौतुक केलं, पोरीला बाहेरगावच्या कार्यक्रमांना पाठवा म्हणाले. मामंजींनी त्यांना चहा पाजला, नमस्कार करून रवाना केलं आणि तुमचं कोरसला जाणंसुद्धा त्या दिवसापासून बंद. "मास्तर आले नसते तर मी अजून दोन-चार वर्षं मागे उभी राहून गायले असते," तुम्ही म्हणालात. "कौतुक दारात आलं की गाणं घरात बंद होतं, साधना." तुमचं लग्न का राहिलं, याच्या दहा गोष्टी मी भावकीत ऐकल्या होत्या. गाणं का राहिलं, याची मात्र कोणी एक सांगितली नव्हती. धागे कापताना तुमचे ओठ हलायचे ते मी पंचवीस वर्षं बघत होते आणि मला वाटायचं, तुम्ही नग मोजताय.

मग पालेगावची आजी आली.

माफी नातीने लिहिली होती. "पालेगाव, अंबरनाथ. ही आमची आजी. आवाज नीट नाही आला तर माफ करा." तुम्ही इतके देश फिरलात त्या फोनवर आणि ही बाई रिक्षाने अर्ध्या तासावर! कॉटवर बसलेली, हिरवं लुगडं, मागे खिडकी आणि खिडकीत उभा राहत असलेला टॉवर. हळदीची गाणी म्हणायची. खिडकीबाहेर ड्रिल सुरू झालं की ती थांबायची, मान वळवून बघायची, त्याचं होऊ द्यायची आणि मग पुढची ओळ घ्यायची. "ड्रिललासुद्धा मान देते बघ," तुम्ही म्हणालात. दर रविवारी एक गाणं. आणि प्रत्येक गाण्यात नवरीचं नाव यायच्या जागी ती म्हणायची, "अमकी".

पाटावर कोन बसली गो, उनाला पाठ करून
पाटावर अमकी बसली गो, उनाला पाठ करून

मी म्हणाले, ही अमकी कोण? तुम्ही म्हणालात, "अगं, फोनसमोर नवरी कुठून आणणार? लग्नघरी गेली की जिची हळद तिचं नाव घालत असेल. इथे जागा मोकळी ठेवते." नंतर तुमच्या तोंडात ती अमकीच बसली. डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास, हातात सुया, एका कानात वायर, आणि ओठांवर अमकी. नर्स विचारायची, "मावशी, काही हवंय का?" तुम्ही मानेने नाही म्हणायचात. त्या एका आवाजावर तुमचा तो शेवटचा पावसाळा निघाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता जे सांगायचं आहे ते मी तुम्हाला सांगितलं नाही, ताई. तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी शाळेतून आजीच्या गाण्याखाली लिहिलं. "आजी, माझी नणंद तुमची गाणी रोज ऐकते. ती फार आजारी आहे. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये असते. तुमचा आवाज ऐकला की तिला बरं वाटतं. तुम्ही गात राहा." मला वाटलं, एक उत्तर येईल. दोन ओळी, "बाईला बरं वाटू दे" एवढं जरी आलं, तरी तुमच्यासमोर धरीन आणि म्हणेन, बघा, बंद झालं का गाणं? सहा वर्षांचं भांडण मला जिंकायचं होतं. वेळ तरी काय निवडली मी!

रविवारी गाणं आलं नाही.

दुपारपर्यंत वाट पाहिली, चार वाजले, पाच वाजले.  मास्तर, मामंजी, तो चहा, सगळं डोळ्यांपुढे आलं. कोणीतरी घरात वाचलं असणार, म्हातारीला ओरडले असणार, कसली परकी लोकं लिहितात म्हणून. संध्याकाळी मी माझं लिहिलेलं पुसून टाकलं. पुसलं की झालंच नाही, असं शाळेत पेन्सिलने लिहिणाऱ्या पोरांना वाटतं. मी बावन्न वर्षांची.

पुढच्या रविवारीही आलं नाही. तुम्ही विचारलंत, "आलं का गं?" मी म्हणाले, नातीची परीक्षा असेल. "असेल," तुम्ही म्हणालात. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा विचारलंत, आणि मग छताकडे बघत म्हणालात, "कोणीतरी गेलं असणार घरी, कौतुक करायला." तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी तुमच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, ते आधीच नीट होतं. पाच रविवार तुम्ही विचारलंत आणि पाचही वेळा मी त्या नातीला परीक्षेला बसवलं. शेवटच्या शुक्रवारी खुर्चीत तुमचा आवाज उरला नव्हता, ओठ फक्त हलत होते, आणि मला माहीत होतं ते काय म्हणतायत. शनिवारी सकाळी तुम्ही गेलात.

मी तुमचं आवडतं एक गाणं बंद पाडलं आणि तुम्हाला त्याची वाट बघत जाऊ दिलं. हे वाक्य मी पंधरा दिवस घरात मोठ्याने म्हणत होते, भांडी घासताना, कुलूप लावताना.  पंधराव्या दिवशी रविवार होता. मी पालेगावला गेले. तुमचा नियम मोडूनच झाला होता, आता तोंड दाखवायला काय राहिलं होतं?

घर शोधायला वेळ लागला नाही. खिडकीतला टॉवर आता पुरा झालाय, त्याच्याकडे पाठ केली की समोर उरलेली जुनी घरं. ओटीवर आजी वाल सोलत बसली होती. फोनवर दिसते त्यापेक्षा लहानखुरी आहे, ताई. नात आतून आली, कॉलेजातली पोरगी, प्रांजल नाव. मी म्हणाले, "मी ते लिहिलं होतं. नणंद आजारी आहे म्हणून. मीच पुसलं. तुम्हाला घरी कोणी बोललं का? माझ्यामुळे गाणी बंद झाली का?" सगळं एका दमात.

आजीने हातातली शेंग खाली ठेवली. "म्हंजे तू गो ती! ये, बस. प्रांजल, पानी दे तिला." आणि मग नातीला म्हणाली, "बग, मी बोललेलू ना, येल कवातरी."

"काकी, ओरडलं कोणी नाही," प्रांजल म्हणाली. "मी शनिवारी आजीला वाचून दाखवलं, तर ती ऐकेचना. म्हणे आजारी बाई आहे, ती फोनवर काय ऐकेल, आपणच जाऊन गाऊ. रविवारी दुपारी आम्ही दोघी कॅम्प चारला गेलो. रिक्षा करून."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तीन तास फिरलो. नाव नाही, नंबर नाही. मला वाटलं विचारू, कोणीतरी सांगेल. दुकानात विचारलं, बिल्डिंगखाली विचारलं, अहो, गाणी ऐकणारी एक आजारी मावशी कुठे राहते? सगळे बोलले, ऐसी कोई नहीं है इधर. संध्याकाळी घरी येऊन म्हटलं तुम्हालाच लिहून पत्ता विचारू, तर कमेंटच गायब."

गाणी ऐकणारी बाई. ताई, अख्ख्या कॅम्प चारमध्ये तुम्हाला त्या नावाने ओळखणारं एक माणूस नव्हतं! धागेवाली कुसुम विचारलं असतं तर कोणीही हात धरून दारात आणून सोडलं असतं. तुम्ही एका कानात वायर घालून, शेजारच्या भाभीलासुद्धा पत्ता लागू न देता ऐकत राहिलात, आणि उरलंसुरलं मी पुसून टाकलं. त्या रविवारी चार वाजता मी तुमच्या खोलीत बसून फोन घासत होते, तेव्हा ती म्हातारी कदाचित तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभी असेल. तुम्ही त्या दिवशी जाग्या होतात. चहासुद्धा मागून घेतला होतात.

"मंग मना वाटलं," आजी म्हणाली, "बाय रागावली का काय, नायतर काय वाईट झालं. तिचं कलल्याशिवाय हलदीचं गानं कसं बोलू? म्हनून नाय बोललू." मग विचारलं, "कशी हाय आता?"

"गेल्या," मी म्हणाले. "पंधरा दिवस झाले."

 आजीने पुन्हा वालाची शेंग घेतली, सोलली, दाणे ताटात टाकले. मी तिथे ओटीवर रडले, ताई. अगदी पोरासारखी, आवाज काढून. तुमच्या जलदानविधीला मी पाहुण्यांचे चहा बघत होते, त्याचंही सगळं तिथेच निघालं. प्रांजल बिचारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"नाव काय व्हतं तिचं?" आजीने विचारलं.

"कुसुम."

"पोरं-बालं?"

"लग्नच झालं नव्हतं."

"मंग तिच्या नावानं हलदीचं कोनी बोललंच नसंल."

"नाही," मी म्हणाले.

आजीने ताट बाजूला सारलं, हात पदराला पुसले. "गेलेल्या मानसाला हे बोलीत नाय," ती म्हणाली. "पन ती माजी ऐकनारी व्हती." आणि डोळे मिटून तिने सुरू केलं.

पाटावर कोन बसली गो, उनाला पाठ करून
पाटावर कुसुम बसली गो, उनाला पाठ करून

मी फोन काढला नाही. तेवढा तुमचा नियम पाळला. ती एकेक ओळ घेत होती, तेल, हळद, हिरवा चुडा, आणि जिथे जिथे अमकी यायची तिथे तिथे तुम्ही येत होतात. आपल्या बौद्ध भावकीत हळद लावायची की नाही, यावरून दर लग्नात दोन तट पडतात. तुम्ही कुठल्याच तटात बसायचा नाहीत, स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरत बसायचात. एकसष्ट वर्षांत तुमचं नाव कोणी असं सुरात घेतलं नव्हतं. रेशनकार्डावर होतं, कापडाच्या गठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं असायचं, हॉस्पिटलच्या फाईलवर होतं. गाण्यात पहिल्यांदा आलं आणि ते ऐकायला मी एकटी होते.

गाणं संपल्यावर प्रांजल हळूच म्हणाली, "काकी, हे रविवारी टाकू का? नावासकट?"

मी लगेच हो म्हटलं नाही. तुम्ही रागावला असतात, ते मला माहीत आहे. तोंड दाखवायचं नाही म्हणून जन्म काढलात, आणि आता नावच चारचौघांत. पण अर्ध्या कॅम्पात ती म्हातारी तुम्हाला शोधत फिरली, ताई. कौतुक या वेळी तुमच्या दाराकडे निघालं होतं आणि ते काही बंद करायला येत नव्हतं. ते भांडण मी जिंकले, असं मी म्हणणार नाही. जिंकल्याचं सांगायचं कोणाला? मी प्रांजलला म्हणाले, "टाक." आता रागवायचं तर रागवा. मी ऐकून घेईन, शेवटपर्यंत.

रविवारी तिने टाकलं. त्याच कॉटवर, तीच खिडकी, या वेळी ड्रिल नाही. खाली तिने सवयीने लिहिलंय, "चुकलं असेल तर माफ करा." मी ते दोनदा वाचलं. माझंही तेवढंच म्हणणं आहे.

आणि आज गुरुवार. सकाळी साडेसातला तुमचा फोन चालू केला, तर त्याने आपणहून सगळ्यात वर तेच गाणं काढून ठेवलं होतं. एकेचाळीस जणांनी ऐकलेलं. माझ्या फोनवरून मी ते लावलेलं नाही, एका माणसाने दोन फोनवरून ऐकायचं नसतं. ओट्याशी खुर्ची ओढली, गॅस बंद केला, वायर कानात घातली आणि तुमच्या फोनवरून लावलं, म्हणजे ते ऐकणं तुमचं धरायचं. बेचाळीस झाले. हजार व्हायला खूप वेळ आहे, ताई, आणि होऊ दे लागेल तेवढा. या एका पोरीला मला लवकर उजवायचं नाही.